मागच्या डब्यात बसणाऱ्या बाई

"तुला गाडी लागते का?"

खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी काय काम करतो, सिगरेट ओढतो का, किती दिवस राहणार, यातलं काहीच नाही. मी लंडनजवळच्या वॉटफर्ड स्टेशनपासून चालत आलो होतो, छत्रीतून पाणी गळत होतं, आणि दार उघडणारी ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई माझ्या तोंडाकडे न बघता छातीकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "म्हणजे घाटात कधीतरी."

"चक्कर? मानेचं काही? पाठीचं?"

"नाही."

"मग ये आत. खोली वर आहे."

मला वाटलं, डॉक्टर आहेत, सवय असेल. ऑफिसातल्या ज्या मित्रानं हे घर सुचवलं त्यानं एवढंच सांगितलं होतं, की बाई मूळच्या मिरजेकडच्या, आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलांमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं, लग्न केलं नाही, आता रिटायर झाल्यात, वरची खोली मराठी माणसाला देतात आणि "जरा वेगळ्या आहेत." त्या प्रश्नांचा खरा अर्थ मला ईस्टरच्या सुमारास कळला. बाईंना रोलरकोस्टरवर सोबतीला माणूस लागायचा. खोली त्यानिमित्तानं भाड्यानं दिली जायची.

त्यांना हाक काय मारायची हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी निघाला. मी सवयीनं काकू म्हणालो.

"मी कुणाच्या काकाशी लग्न केलेलं नाही," त्या म्हणाल्या.

आंटी म्हणायची सोयच नव्हती. डॉक्टर म्हणू का, तर म्हणाल्या, रिटायर झाले. शेवटी शाळेतल्यासारखं "बाई" ठरलं.

घरात एक कडक नियम होता, सॉरी म्हणायचं नाही. या देशात धक्का देणाराही सॉरी म्हणतो आणि खाणाराही. मी ते इतकं उचललं होतं, की केटल रिकामी दिसली तरी माझ्या तोंडून सॉरी निघायचं. बाई हातातलं काम खाली ठेवायच्या.

"काय मोडलं?"

"काही नाही."

"मोडलं असेल तर दाखव. नसेल तर चहा टाक."

एकदा शेजारचे इंग्रज गृहस्थ, आपलं झाड आमच्या बाजूला वाढलंय म्हणून दारात सॉरी म्हणायला आले. बाई त्यांना घेऊन मागच्या बागेत गेल्या, कुंपणाची फळी न् फळी तपासली आणि म्हणाल्या, सगळं शाबूत आहे, तुमची सॉरी तुम्ही परत घेऊन जा. ते हसत हसत गेले. पुढं त्यांनी त्याच झाडाची सफरचंदं आणून दिली, पिशवी दारात ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेले. बाई खूश झाल्या. "शिकला बघ," म्हणाल्या.

बाईंना ऐकू कमी यायचं. दोन्ही कानांत यंत्रं होती. पण समोरच्या माणसाचं त्यांना जे कळायचं ते कानानं कळायचंच नाही. आयुष्यभर झोपलेल्या माणसांचे श्वास बघत बसल्यामुळे त्या जाग्या माणसाकडेही तसंच बघायच्या. खांदे कसे उचलले जातात, गळ्याखालचा खळगा कसा हलतो, त्यावरून त्या माणूस वाचायच्या. सकाळी टोस्ट खाताना म्हणायच्या, "काल झोपला नाहीस."

"झोपलो होतो की."

"पडला होतास."

मी ऑफिसातून येऊन जोडे काढत असलो की त्या स्वयंपाकघराच्या दारातून बघायच्या आणि ठरवायच्या, आज याला बोलतं करायचं की आधी खायला घालायचं. त्यात त्यांची चूक झालेली मला आठवत नाही.

माझ्या तिथल्या पहिल्या ईस्टरला, एका थंड, लख्ख सकाळी त्यांनी माझ्या दारावर टकटक केली आणि सांगितलं, "काही खाऊ नकोस. जाकीट घे. चष्मा असेल तर दोरी लाव." गाडी त्या स्वतःच चालवायच्या. मोटरवेवर त्यांची छोटी लाल गाडी सगळ्यात डावीकडच्या लेनमध्ये एखाद्या लॉरीच्या मागं इतकी हळू चालायची, की मागचे ड्रायव्हर दिवे मारायचे. बाईंवर त्याचा परिणाम व्हायचा नाही. "त्यांना घाई आहे, आपल्याला नाही," एवढंच म्हणायच्या.

पूर्व किनाऱ्यावरचं ते गाव मुद्दाम बघायला जावं असं नाही. समुद्र करड्या रंगाचा, वारा कानात शिरणारा, चिप्स आणि व्हिनेगरचा वास, माणसांच्या हातातलं खाणं पळवणारे सीगल. पण किनाऱ्याच्या एका टोकाला जुना अम्यूझमेंट पार्क आहे आणि त्यात पांढऱ्या लाकडाचा तो रोलरकोस्टर. लांबून तो एखाद्या अर्धवट बांधलेल्या प्रचंड घराच्या सांगाड्यासारखा दिसतो. जवळ गेलं की ग्रीसचा आणि ओल्या लाकडाचा वास येतो, आणि गाडी वरून गेली की अख्खा सांगाडा कुरकुरतो. त्या गाडीला रुळांवर ब्रेक नाहीत. गाडीच्या मधोमध एक ब्रेकमन बसतो आणि वळण आलं, उतार आला, की हातानं दांडा ओढून वेग आवरतो. तिथला ब्रेकमन, करडी शेंडी मागं बांधलेला एक धिप्पाड माणूस, बाईंना बघून म्हणाला, "गुड मॉर्निंग, डॉक. शेवटचा डबा?"

"शेवटचा," बाई म्हणाल्या. मग मला मराठीत सांगितलं, "पुढच्या डब्यात दिसतं. मागच्या डब्यात कळतं."

बसण्याआधी त्यांचा एक विधी असायचा. डोक्याला सुती रुमाल घट्ट बांधायचा. मग पर्समधून चांदीची छोटी कुंकवाची डबी काढायची. त्यांच्या आईनं मुलीच्या लग्नासाठी करून ठेवलेली ती डबी. त्या डबीत कानांची दोन्ही यंत्रं ठेवायची, झाकण लावायचं आणि डबी कोटाच्या आतल्या खिशात टाकायची.

"वाऱ्यानं पडतील म्हणून?" मी विचारलं.

"ते आहेच. पण माझं ओरडणं मला ऐकू येत नाही. मग संकोच वाटत नाही."

साखळीनं गाडी खटखटत वर चढायला लागली. बाईंनी समोरची दांडी धरलीच नाही. बसची वाट बघत बसल्यासारखे हात मांडीवर ठेवले होते. वर पोचल्यावर क्षणभर सगळा समुद्र दिसला, पार लांब पाण्यात उभ्या असलेल्या पवनचक्क्यांपर्यंत, आणि मग गाडी खाली गेली. पुढचं मला माहीत नाही, कारण मी डोळे मिटले. माझ्या शेजारी एक लांबलचक, सरळ, एकाच सुरातला आवाज चालला होता. दाताच्या डॉक्टरसमोर काढतात तसा "आ", पण मोकळ्या घशानं, उतारभर.

खाली आलो. बाईंनी यंत्रं कानात घातली आणि माझ्याकडे बघितलं.

"डोळे मिटलेस ना?"

"हो."

"मग तू आलाच नाहीस. चल परत."

दुसऱ्या खेपेला मी डोळे उघडे ठेवले. घाबरलो तितकाच, पण काय चाललंय ते दिसत होतं, आणि त्यानं फरक पडतो हे मला कळलं. नंतर किनाऱ्यावरच्या बाकावर बसून आम्ही फॉइलमध्ये गुंडाळून आणलेली थालीपिठं आणि लोणचं खाल्लं, आणि त्यांनी मला या गावाची गोष्ट सांगितली. इंग्लंडात आल्यावर त्यांची पहिली नेमणूक या गावातल्या हॉस्पिटलात झाली होती. गावात मराठी सोडाच, दुसरा भारतीय माणूसही नव्हता. वॉर्डातली माणसं वाईट नव्हती, पण बाईंचं इंग्रजी त्यांना कळायचं नाही आणि त्यांचं बाईंना. रविवारी खोलीत बसवेना म्हणून त्या किनाऱ्यावर चालत सुटायच्या. एका रविवारी वॉर्डातल्या एका सिस्टरनं त्यांना पाहिलं, काही न विचारता दंडाला धरून रांगेत उभं केलं आणि रोलरकोस्टरमध्ये शेजारी बसवलं.

"वरनं गाडी सुटली आणि सगळे ओरडले," बाई म्हणाल्या. "मीही ओरडले. त्या गावात सगळ्यांसारखं असं मी पहिल्यांदा काही केलं असेल तर ते. ओरडायला काही ॲक्सेंट लागत नाही ना."

तेव्हापासून पार्क उघडला की एकदा आणि हिवाळ्यासाठी बंद व्हायच्या आधी एकदा, अशा त्या जायच्याच. कुठल्याही हॉस्पिटलात काम करत असोत. आणि वरच्या खोलीत राहून गेलेल्या प्रत्येकाला त्यांनी तिथं नेलं होतं.

माझे वडील गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे आली. वडील सांगलीला शाळेत गणित शिकवायचे. एका दुपारी जेवून आडवे झाले आणि गेले. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आई रडली नव्हती. नातेवाईक सांगत होते, खंबीर आहे हो तुझी आई. मलाही ते बरं वाटलं. वॉटफर्डला आली तेव्हा कळलं, की हा खंबीरपणा वगैरे काही नाही. ती "हो", "नको" आणि "चालेल" या तीन शब्दांवर जगत होती. बाईंनी तिला खालची बागेकडची खोली दिली. आई खिडकीशी खुर्ची घेऊन बसायची आणि कौन्सिलची कचऱ्याची गाडी येऊन बिन रिकामे करून गेली, तरी त्याच जागेकडे बघत राहायची. मी ऑफिसातून आलो की विचारायचो, जेवलीस का, आणि ती म्हणायची, हो. मी शेजारी बसायचो. सांगलीच्या घरात सकाळपासून तिची एकच हाक चालू असायची. अहो, गॅस बंद केलात का. अहो, छत्री राहिली. अहो, पेपर माझ्या हातात द्या आधी. वडिलांचं नाव तिनं कधी उच्चारलं नाही. लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आता "अहो" म्हणायला कुणी नव्हतं, आणि त्या शब्दाबरोबर बाकीचेही सगळे शब्द गेले होते.

बाई काही दिवस नुसतं बघत होत्या. मग त्यांनी आईचं ब्लड प्रेशर घ्यायला सुरुवात केली, सकाळी आणि संध्याकाळी. स्टेथोस्कोप लावला, मान वळवून बघितली, गुडघे दाबून बघितले. आईला वाटलं, काहीतरी उपचार चाललाय. तिनं मुकाट्यानं हात पुढं केला. एका शनिवारी सकाळी आई चहा पीत असताना बाईंनी विचारलं, "तुम्हाला गाडी लागते का हो?"

मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं.

"बाई, नाही. ती शोकात आहे. तिला कुठं जत्रेत नेताय?"

"ती अर्धाच श्वास घेते," बाई म्हणाल्या. "नीट बघ. वरच्या वर घेते आणि सोडून देते. आली तेव्हापासून."

"आणि काही झालं तर?"

"काही होण्यासारखं असतं तर मी विषयच काढला नसता. तुझ्या आईचं हृदय तुझ्यापेक्षा चांगलं आहे. तू जिना चढून आलास की मला काळजी वाटते."

"तिला भीती वाटेल."

"वाटू दे. सध्या तिला काहीच वाटत नाहीये."

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं आमच्याकडे बघून विचारलं, "काय चाललंय तुमचं?" तिच्या तोंडून त्या उन्हाळ्यात आलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य असावं.

"आई, बाई तुला एका मोठ्या पाळण्यात बसवायचं म्हणतायत. तू नाही म्हणालीस तरी चालेल."

"बाईंची इच्छा आहे ना?" आई म्हणाली. "मग चालेल."

मी वाटभर मागच्या सीटवर बसून स्वतःवर चिडत होतो, की आपण ठाम नाही का म्हणालो नाही. पार्कात पोचल्यावर आईनं तो सांगाडा पाहिला, वरून येणारी गाडी पाहिली, माणसांचं ओरडणं ऐकलं आणि बाईंच्या मागोमाग रांगेत उभी राहिली. तिनं साडीवर माझं जाकीट घातलं होतं आणि पायात माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं दिलेले बूट. बाईंनी पर्समधून सेफ्टीपिना काढून तिचा पदर आणि निऱ्या पक्क्या केल्या. डोक्याला स्वतःसारखाच रुमाल बांधला. ब्रेकमननं आईकडे एक नजर टाकली आणि बाईंना विचारलं, "नक्की ना, डॉक?" बाई म्हणाल्या, "मी तपासलंय." त्यानं दोघींच्या मांडीवर दांडी बसवली, दोनदा हलवून बघितली आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. बाईंनी कानांतली यंत्रं डबीत ठेवली. त्या दोघी शेवटच्या बाकावर आणि मी त्यांच्या पुढच्या.

गाडी चढत होती आणि मी मान वळवून बघत होतो. आईनं दांडी दोन्ही हातांनी गच्च धरली होती. ओठ मिटलेले. वर पोचलो. समुद्रावर ऊन होतं. मग पुढचा डबा खाली झुकला, आणि शेवटच्या डब्याला बसतो तो हिसका बसला.

सगळे ओरडले. इंग्रज माणसं ओरडतात तसं "ओ" करून ओरडले. आणि त्या सगळ्या आवाजाच्या वरून माझ्या मागून हाक आली,

"अहो!"

मला आधी कळलंच नाही. मग दुसऱ्या उंचवट्यावरून गाडी सुटली आणि परत तीच हाक, आणखी मोठी. पुढच्या वळणावर ओरडणं राहिलं नव्हतं. घरातल्या घरात, बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाला काहीतरी दाखवायला बोलवावं तशी ती हाक मारत होती. अहो, अहो, बघा तरी. मी पुढं बघत बसलो. मागं वळून बघायचा माझा धीर झाला नाही. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं, असं म्हणता येईल.

गाडी थांबली. ब्रेकमननं दांडी वर केली. आई उठली नाही. रुमाल सुटून मानेवर आला होता, केस विस्कटले होते आणि तिची छाती भात्यासारखी खालीवर होत होती. बाई शेजारी बसून तेवढंच बघत होत्या.

"परत बसता येतं का?" आईनं मला विचारलं.

दुसऱ्या खेपेनंतर ती बाकावर बसून रडली. खूप वेळ, आवाज करून, नाक पुसत, मधेच थालीपिठाचा तुकडा खात. बाई समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या. आईनं त्यांच्याकडे बघून मला हळूच विचारलं, "यांनी ऐकलं का रे?"

"नाही. त्यांची यंत्रं डबीत होती."

"बरं झालं," आई म्हणाली. मग थालीपिठाचं फॉइल गुंडाळत म्हणाली, "हे गेल्यावर कुणाला हाकच मारली नव्हती मी."

परतताना आई पुढच्या सीटवर बसली. लाल गाडी नेहमीसारखी लॉरीच्या मागं सरकत होती आणि आई बोलत होती. एकदा हरिपूरच्या जत्रेत वडील तिच्या आग्रहाखातर पाळण्यात बसले, पाळणा वर गेल्यावर पांढरेफटक पडले आणि उतरल्यावर म्हणाले, माझ्या चपलांचा पट्टा सैल आहे म्हणून परत बसत नाही. चपला पाळण्याच्या खालीच काढून ठेवल्या होत्या. हे सांगताना आई हसायला लागली आणि तिला थांबताच येईना. बाईही हसल्या. एवढ्या हसल्या, की आयुष्यात पहिल्यांदा त्यांची गाडी डाव्या लेनमधून थोडी बाहेर गेली. वॉटफर्ड येईपर्यंत आई वडिलांबद्दलच बोलत होती. त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं.

तो उन्हाळा नंतर वेगळाच गेला. आई कोपऱ्यावरच्या दुकानात एकटी जायला लागली. बाईंच्या पोह्यांत साखर जास्त असते यावरून दोघींची रोज वादावादी व्हायची. परत जाताना एअरपोर्टवर तिनं बाईंचे हात धरले आणि म्हणाली, "तुमचे उपकार कसे..." बाईंनी तिला पुढं बोलू दिलं नाही. तिच्या गळ्याकडे बघत म्हणाल्या, "आता बरोबर घेताय. तसाच घेत राहा."

मीही त्यांचे कधी नीट आभार मानले नाहीत. ज्या घरात सॉरीचा हिशेब मागतात तिथं थँक यू म्हणायचीही धास्ती वाटायची. आणि खरं म्हणजे काय म्हणणार? मला खोली दिली म्हणून? माझी आई मला परत दिली, हे कुठल्या शब्दांत सांगायचं असतं?

गेल्या हिवाळ्यात बाई दारातल्या ओल्या पाचोळ्यावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मी घरूनच काम करत होतो म्हणून आवाज ऐकून धावलो. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्या जमिनीवर पडून मला सूचना देत होत्या, उशी देऊ नकोस, पाय हलवू नकोस, ब्लँकेट घाल. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज स्थिर. फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "तिकीट काढ." ती आली, ईस्टर होईपर्यंत राहिली, बाईंना हाताला धरून बागेत चालवलं, पोह्यांत साखर घातली नाही. रोलरकोस्टर मात्र डॉक्टरांनी कायमचा बंद केला. या ईस्टरला बाई खाली बाकावर बसल्या आणि मी आणि आई शेवटच्या डब्यात. पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते ऑपरेशनच्या दिवसाचं.

बाईंना कमरेखालचा भाग बधिर करून घ्यायचा होता, म्हणजे जागं राहता आलं असतं. त्यांच्या मणक्यांमुळे ते जमण्यासारखं नव्हतं. पूर्ण भूल द्यावी लागणार होती. भूल देणारी डॉक्टर तरुण होती, केरळची. ती समजावून सांगत होती आणि बाई तिला प्रश्नावर प्रश्न विचारत होत्या. औषधं कुठली, प्रमाण किती, नळी कुठली. ती न चिडता उत्तरं देत होती. ती गेल्यावर बाईंनी उशीवर डोकं टेकलं. मी पहिल्यांदा त्यांच्या गळ्याखालच्या खळग्याकडे बघितलं. तो भराभर हलत होता.

"मला भीती वाटते रे," त्या म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरला.

"मी एवढ्या माणसांना सांगितलं, घाबरू नका. मला काय माहीत होतं? मी नेहमी दुसऱ्या बाजूला होते."

"मी इथंच बसणार आहे," मी म्हणालो. "हलणार नाही."

ट्रॉली निघाली तेव्हा त्यांनी दारापर्यंत माझा हात सोडला नाही. कानांतली यंत्रं काढून मी चांदीच्या डबीत ठेवली आणि डबी मुठीत धरून बाहेर बसलो. ज्याच्यासाठी त्या अशा बसल्या नसतील असा एकही माणूस आमच्या घरात राहून गेला नसेल. आता माझी पाळी होती, आणि बसण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं.

बऱ्याच वेळानं एक नर्स बाहेर आली. ऑपरेशन छान झालं, ती म्हणाली, त्या शुद्धीवर येतायत. पण सारखं काहीतरी विचारतायत, आणि आमच्यापैकी कुणाला ती भाषा येत नाही. फार अस्वस्थ आहेत. तुम्ही एक मिनिट आत याल का? एरवी आम्ही कुणाला सोडत नाही.

आत बाई डोळे अर्धवट मिटून पडल्या होत्या. नाकाशी ऑक्सिजन होता. हात चादरीवरून काहीतरी शोधत होते. केरळची डॉक्टर उशाशी उभी होती. मी डबीतून यंत्रं काढून त्यांच्या कानांत घातली आणि वाकलो.

"बाई, मी आहे. काय हवंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ओळखलं असं वाटलं नाही. मिरजेच्या कॉलेजातून शिकून आलेल्या एखाद्या नवख्या, काळजीत पडलेल्या डॉक्टरच्या आवाजात त्यांनी विचारलं, "उठला का?"

"कोण, बाई?"

"पेशंट. पेशंट उठला का?"

डॉक्टर माझ्याकडे बघत होती. मी बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला.

"उठला, बाई," मी म्हणालो. "व्यवस्थित उठला. श्वासही चांगला घेतोय."

"मग ठीक," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे खांदे सैल पडले.